जब्बारशेठची लूम आणि करमणुकीची व्याख्या

भिवंडीत यंत्रांची कमतरता कधीच नव्हती. कमतरता होती ती अमुक यंत्र म्हणजे नक्की काय, हे ठरवून देणाऱ्या सक्षम अधिकाऱ्याची. दोन हजार सालानंतरच्या दशकात शासनाने ही उणीव भरून काढली आणि यंत्र वर्गीकरण कक्षात श्री. अनंता तरे यांची नेमणूक झाली. तरेसाहेब अत्यंत सज्जन होते. दौऱ्यावर चहासुद्धा स्वतःच्या थर्मासमधला पीत. ते लाच घेत नसत, त्यामुळे त्यांच्या हाती गेलेलं प्रकरण मिटण्याची शक्यताच उरत नसे.

असं एक प्रकरण धामणकर नाक्यामागच्या एका गाळ्यात उभं राहिलं.

गाळा जब्बारशेठचा. त्याच्या वडिलांच्या वेळी तिथे कापड विणणाऱ्या लूम इतक्या दाटीने उभ्या असत की कारागिराला अंग चोरून चालावं लागे. पुढे धंद्याचं जे व्हायचं ते झालं. सूत महागलं, कापड स्वस्त झालं आणि वीज दिसेनाशी झाली. एकेक लूम भंगारवाल्याच्या टेम्पोत चढत गेली. शेवटची चढवायची वेळ आली तेव्हा जब्बारशेठ टेम्पोला आडवा उभा राहिला.

"ही नाही जाणार," तो म्हणाला.

"का अब्बा? एका लूमवर काय निघणार?" त्याचा मुलगा सुफियान म्हणाला.

"काय निघायचं ते निघू दे. एक तरी चालू पाहिजे. नायतर मला झोप येत नाही."

यात काडीची अतिशयोक्ती नव्हती. लूमच्या खटखटीत लहानाचा मोठा झालेला माणूस शांततेत दचकून उठतो, हे भिवंडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. शुक्रवारी लूम बंद असे. त्या दुपारी जब्बारशेठ नुसता कूस बदलत पडून राही. शेवटी त्याची बायको सईदा एक रिकामं ताट घेऊन उशाशी बसे आणि त्यावर चमच्याने ठेका धरी, तेव्हा कुठे त्याचा डोळा लागे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या कामात तिने कधी खाडा केला नव्हता.

तर लूम राहिली, आणि ती जिवंत ठेवण्यासाठी गाळ्याचा उरलेला भाग कामाला लावायचं ठरलं. लूमच्या उजव्या हाताला सुफियानने कॉम्प्युटर मांडले. डावी बाजू भाड्याने दिली काल्हेरच्या केसरीनाथला. केसरीनाथ जब्बारशेठचा शाळेपासूनचा दोस्त. त्याच्या भातखाचरांवर आता गोडाऊन उभी होती, त्यामुळे शेतीची सगळी कामं संपून त्याला फक्त रस्त्यातल्या ट्रेलरवाल्यांशी भांडणं एवढंच काम उरलं होतं. त्याची मुलगी उन्नती मात्र रिकामी बसणाऱ्यातली नव्हती. "लग्नाआधी एक धंदा करून बघते, बुडाला तर लग्न आहेच," असं तिने घरात स्पष्ट सांगितलं होतं. तिने डाव्या बाजूला टीव्ही आणि गेमचे डबे लावले. टीव्हीला जोडायच्या या यंत्राला शिकलेले लोक कन्सोल म्हणतात. नाक्यावर त्याला डबा म्हणत.

जब्बारशेठने दोघांना एकच अट घातली. दोन्ही बाजूंच्या कमाईतून आधी लूमचं सूत येईल, मग बाकीचं. सुफियान हो म्हणाला, उन्नती हो म्हणाली, आणि केसरीनाथने तर शपथ घेतली.

डब्यांची आणि कॉम्प्युटरची खबर कक्षापर्यंत पोचली आणि तरेसाहेब आले. त्यांनी थर्मास खाली ठेवला, चष्मा पुसला आणि डावीकडे बोट केलं.

"हे टीव्हीला जोडलेलं आहे?"

"हो," उन्नती म्हणाली.

"म्हणजे करमणूक. आणि त्या यंत्राला कीबोर्ड आहे?"

"आहे," सुफियान म्हणाला.

"म्हणजे शिक्षण."

त्या क्षणी सुफियानच्या बाजूला एक पोरगा शिक्षण घेत घेत बंदूक रोखून परक्या इमारतीच्या गच्चीवर दबा धरून बसला होता. तरेसाहेबांनी त्याच्या एकाग्रतेचं तोंडभरून कौतुक केलं. शिक्षणाला परवाना लागत नव्हता, भिंतीवर एखादा सुविचार असला की भागत होतं. करमणुकीला मात्र थेटरच्या नियमाने परवाना, तिकीटखिडकी, वाळूच्या बादल्या आणि बाल्कनीसाठी स्वतंत्र जिना अशी सगळी व्यवस्था अनिवार्य होती.

"साहेब, आमच्याकडे बाल्कनी न्हाय," केसरीनाथ म्हणाला.

"मग जिना बांधायला सोपा जाईल," तरेसाहेब शांतपणे म्हणाले.

जाताना त्यांची नजर मधल्या लूमवर गेली. जब्बारशेठ तुटलेला धागा जोडत होता. त्याने धागा हातातच धरला.

"हा उद्योग," तरेसाहेब म्हणाले. "यात शंकेला जागाच नाही. आपण निर्धास्त राहा."

जब्बारशेठला एवढं बरं वाटलं की त्याने त्यांना चहा विचारला. त्यांनी थर्मास दाखवला.

बाल्कनीचा जिना बांधण्यापेक्षा शिक्षणसंस्था होणं सोपं आहे, हे उन्नतीला लगेच कळलं. तिने प्रत्येक डब्याला एकेक कीबोर्ड जोडला.

"पन याचा उपेग काय?" केसरीनाथने विचारलं.

"काही नाही बाबा. जोडायचा."

पोरं त्यावर वडापाव ठेवू लागली. केसरीनाथने भिंतीवर 'वेळ अमूल्य आहे' असा सुविचार रंगवून घेतला आणि त्याच्याखाली तासाचा दर लिहिला. अशा रीतीने डाव्या बाजूला शिक्षणाची गंगा आली.

आता पंचाईत सुफियानची झाली. दोन्हीकडे शिक्षणच मिळत असेल, तर पोरं जिथे हातात खेळायचा रिमोट धरून सोफ्यावर लोळता येतं तिथेच जाणार. टेबलापाशी ताठ बसून माउस सरकवायला कोण येतो? आठवडाभर त्याच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. मग त्यानेही रिमोट आणले, कॉम्प्युटर मोठ्या टीव्हीला जोडले आणि सईदाच्या माहेरचा सोफा गाळ्यात आणून टाकला. पोरं परत आली. ती परत आलेली बघून उन्नतीने नवे डबे मागवले. ते बघून सुफियानने कॉम्प्युटरमध्ये नवी कार्डं घातली.

जब्बारशेठ हे सगळं लूमपाशी उभा राहून बघत होता. एके दिवशी त्याने मुलाला विचारलंच.

"सुफियान, चांगली चालती यंत्रं आहेत. मग दर थोड्या दिवसांनी नवीन कशाला?"

"अब्बा, पीसीमध्ये चित्र काढणारं कार्ड असतं. ते सारखं सुधारतं. तसंच कार्ड थोडं उतरवून, स्वस्त करून ते लोक डब्यात घालतात. डबा मग वर्षानुवर्षं तोच राहतो. घरोघर तोच, म्हणून गेम बनवणारे गेम डब्याच्या ताकदीप्रमाणे बनवतात. मग तोच गेम पीसीवर येतो. पीसीवाला म्हणतो, माझं कार्ड एवढं भारी आणि मी डब्याचाच गेम खेळू? म्हणून तो आणखी भारी कार्ड घेतो."

"कशाला?"

"डब्याचा गेम डब्यापेक्षा बरा दिसावा म्हणून."

"आणि मग?"

"मग डबेवाल्यांची इज्जत जाते. ते नवा डबा काढतात. त्यात ते भारी कार्ड."

जब्बारशेठने आडवा धागा टाकणारा धोटा हातात घेऊन बराच विचार केला. "म्हणजे नव्या लूमवर पण जुन्या लूमचीच डिझाईन विणायची. का, तर व्यापाऱ्याला दोन्हीकडून एकच माल हवा. आणि लूम विकणारा दोघांना लूम विकतो."

"बरोबर."

"अरे, यो तर हलदीचा किस्सा हाय!" केसरीनाथ मध्येच म्हणाला. "आमी काल्हेरला हलदीला मोठे स्पीकर लावले, का शेलारवाले त्याच्या दुप्पट लावतान. मंग आमी बेस वाढवतू, ते लायटी वाढवतान. आन स्पीकर भाड्यानी देनारा? दोनी गावांना एकच. त्याचा बंगला झाला आन आपल्या कानाला दडे बसले."

तिघांचंही म्हणणं बरोबर होतं आणि त्याचा कोणालाही उपयोग नव्हता. कारण त्याच आठवड्यात उन्नतीचे नवे डबे आले. त्यांच्या पोटात हार्डडिस्क होती आणि पाठीला इंटरनेटची वायर. त्यांना शोभावं म्हणून तिने टीव्ही आणि सोफे काढून छोटे पडदे आणि टेबल-खुर्च्या मांडल्या.

"बाबा, आपला डबा आता अगदी पीसीसारखा झाला," ती अभिमानाने म्हणाली.

"म्हंजी?"

"म्हणजे चालू केला की लगेच चालू होत नाही."

खरंच होत नव्हता. गेम टाकला की आधी डबा कुठूनतरी काहीतरी उतरवून घेई, पोरं तोपर्यंत हात चोळत बसून राहत, आणि उतरवून झाल्यावर तो त्याच जागी बंद पडे. तिकडे सुफियानचा कॉम्प्युटर डब्याच्या इतका आहारी गेला होता की कीबोर्डला हात लावला तर गेम पडद्यावर चक्क लिहून सांगे की बाबा रे, रिमोट जोड. दोन्ही यंत्रं एकमेकांचे चांगले गुण घ्यायला निघाली होती आणि वाटेत सापडतील ते दोषही घेत सुटली होती.

तरेसाहेब वार्षिक तपासणीला आले आणि दारातच थबकले. डावीकडे टेबल, खुर्ची, कीबोर्ड आणि सुविचार होता. उजवीकडे टीव्ही, सोफा आणि लोळणारी पोरं होती.

"डावी बाजू शिक्षण," ते म्हणाले. "उजवी करमणूक. जिना कुठे आहे?"

"साहेब, उजवीकडे पीसी आहेत! डावीकडे डबे आहेत!" सुफियान ओरडला.

"आत काय आहे ते बघायचा अधिकार मला नाही. मी बाहेरून वर्गीकरण करतो."

सुफियानला पंधरवड्याची मुदत मिळाली. जिना बांधण्यापेक्षा सामान हलवणं सोपं होतं. त्यामुळे पोरांनी मिळून डावीकडची टेबलं उजवीकडे नेली, उजवीकडचे सोफे डावीकडे आणले. मध्ये लूम असल्यामुळे प्रत्येक वस्तू तिच्या डोक्यावरून न्यावी लागली, आणि एका सोफ्याचा पाय लागून बीमवरचे उभे धागे तुटले. जब्बारशेठ एकेक धागा जोडत बसला. बाकी सगळे घाईत होते.

आता करमणूक पुन्हा उन्नतीकडे गेली. तिने पुन्हा कीबोर्ड लावले. पोरं हरवलेल्या सोफ्याची चौकशी करायला लागली, म्हणून सुफियानने पुन्हा सोफा आणला. मग दोघांनीही धोका नको म्हणून दोन्ही ठेवलं. दोन्ही बाजूंना टीव्ही, दोन्ही बाजूंना कीबोर्ड, रिमोट, सोफा, टेबल आणि सुविचार. पुढल्या तपासणीला तरेसाहेब लूमपाशी उभे राहून एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे बघत राहिले. त्यांचा चहा थर्मासमध्येच गार झाला.

"एकाच वेळी करमणूक आणि शिक्षण असूच शकत नाही," ते व्याकूळ होऊन म्हणाले. "तसा रकाना नाही."

त्यांनी वरिष्ठांचं मार्गदर्शन मागवलं. वरून उत्तर आलं: नियमानुसार योग्य ती कार्यवाही करावी. तरेसाहेबांना त्यानंतर जेवण जाईना. आम्ही त्यांना नाक्यावरच्या रिक्षात बघितलं आहे. ते रस्त्यावरच्या प्रत्येक वस्तूकडे बघून ओठ हलवत असत.

या सगळ्यात लूमच्या सुताचं काय झालं, हे सांगायचं राहिलं. काही झालं नाही, म्हणूनच राहिलं. पहिल्यांदा सुफियान म्हणाला, "अब्बा, या महिन्यात कार्ड घेऊ या, नाहीतर गिऱ्हाईक तुटेल. सूत पुढच्या महिन्यात." पुढच्या महिन्यात उन्नती म्हणाली, "जब्बारचाचा, फक्त एक डबा. मग आधी सूतच." दोघंही चांगली पोरं. दोघांनाही मनापासून वाईट वाटत असे, आणि वाईट वाटून झालं की ती नवीन यंत्र मागवत. शपथ घेतलेला केसरीनाथ त्या दिवशी नेमका ट्रेलरवाल्याशी भांडायला गेलेला असे.

जब्बारशेठ इकडून तिकडून उरलंसुरलं सूत गोळा करून लूम चालवत राहिला. एवढंसं कापड व्यापारी कशाला घेईल? ते सईदा घरी नेई आणि त्याची झाकणं शिवी. कॉम्प्युटरची झाकणं, डब्यांची झाकणं, टीव्हीची झाकणं. गाळ्यातलं प्रत्येक यंत्र धुळीपासून सुखरूप होतं, कारण ज्या लूमचा घास त्याने काढून घेतला होता, तिचंच कापड ते पांघरून बसलेलं होतं.

आणि आवाज? कार्डं जितकी भारी होत गेली तितके त्यांना थंड करणारे पंखे मोठे झाले. डबेही मागे राहिले नाहीत. दोन्हीकडची यंत्रं एकदम चालू झाली की गाळ्यात पाटाचं पाणी फुटल्यासारखा घों घों आवाज भरे, विजेचा दाब उतरे आणि मधल्या लूमचा धोटा अर्ध्या वाटेत बसून राही. जब्बारशेठला आपलीच लूम ऐकू येईना. तो तिच्या लोखंडी चौकटीला कान लावून उभा राहू लागला.

"काय ऐकतंस रे?" केसरीनाथने एकदा विचारलं.

"आहे का बघतो," जब्बारशेठ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी केसरीनाथ कुठूनतरी सुताचं एक पोतं घेऊन आला. सूत चुकीच्या जाडीचं होतं. लूमला लागणारं सूत कसं असतं हे एवढ्या वर्षांच्या दोस्तीत त्याने कधी विचारलं नव्हतं. जब्बारशेठने तरीही ते ठेवून घेतलं.

शेवटी तरेसाहेबांनी स्वतःच एक शास्त्रशुद्ध कसोटी तयार केली. यंत्राला काय जोडलं आहे हे बघायचं नाही, माणसाचं काय होतं ते बघायचं. बघणाऱ्याच्या हाताला काम नाही, चेहऱ्यावर हसू आहे, आणि समोर जे चाललं आहे त्यातून त्याला काही विकत घ्यायचं नाही, तर ती करमणूक. वरिष्ठांनी ही व्याख्या तात्काळ मंजूर केली, कारण तिच्यात जिन्याचा उल्लेख नव्हता.

व्याख्या घेऊन तरेसाहेब दिवसभर गाळ्यात स्टुलावर बसले. त्यांनी आधी डावीकडे बघितलं. पोरांच्या हातांना क्षणाची उसंत नव्हती. चेहऱ्यावर हसू तर नव्हतंच, कपाळाला आठ्या होत्या, घाम होता, डोळे लाल होते. एकाला त्याची आई जेवायला बोलवायला आली तर तो म्हणाला, "सोडून येता येणार नाही." यंत्र बंद पडलं की पोरं मुकादमासारखी ओरडत. पाळी संपली की उठून दुसऱ्याला जागा देत आणि बाहेर जाऊन पाठीला हात लावून उभी राहत. उजवीकडेही तंतोतंत हेच होतं.

"यात करमणुकीचा लवलेश नाही," तरेसाहेब म्हणाले. त्यांचा चेहरा कित्येक महिन्यांनी उजळला. "हे श्रम आहेत. पाळीत केलेले, यंत्रावरचे श्रम. या गाळ्याला विजेचं कनेक्शन कशाचं आहे?"

"लूमचं," सुफियान हळूच म्हणाला. तो घाबरला होता. सवलतीच्या विजेवर गेम चालतात ही गोष्ट आजवर कोणी काढली नव्हती.

"मग प्रश्नच मिटला. या लूम आहेत. आधुनिक यंत्रमाग. दोन्ही बाजू उद्योग म्हणून मंजूर."

गाळ्यात एकच जल्लोष झाला. सुफियानने उन्नतीला टाळी दिली. कीबोर्ड की रिमोट, टेबल की सोफा ही यातायात कायमची संपली. पोरांच्या आयांना कळलं तेव्हा त्यांनी पेढे वाटले, कारण मुलगा कामाला लागला होता.

"पन साहेब, हिते कापड कुठं निंगतं?" केसरीनाथने विचारलं. त्याला गप्प बसवण्यासाठी उन्नतीने त्याच्या पायावर पाय दिला.

"आकडे निघतात ना? पडद्यावर वर कोपऱ्यात. मी बघितले, दर क्षणाला वाढत होते. आजवर एवढा उत्पादनवाढीचा वेग मी कुठल्याच कारखान्यात पाहिला नाही."

मग बघायची तिसरी दिशा उरली. तरेसाहेबांनी स्टूल फिरवलं आणि ते मध्ये बघू लागले.

मध्ये लूम चालू होती. यंत्रं सगळी भरलेली असली की नंबरची वाट बघणारी पोरं लूमच्या कडेला येऊन उभी राहत. धोटा इकडून तिकडे पळतो, तिकडून इकडे पळतो, धाग्यांमधून रेघ रेघ करत कापड वाढतं. टीव्हीवर एवढं सगळं दाखवणाऱ्या जमान्यात पोरांना त्यात काय दिसे कोण जाणे. पण ती बघत. हात बगलेत घालून, तोंड उघडं टाकून बघत. आणि हसत. त्यातल्या कोणालाही कापड घ्यायचं नव्हतं.

तरेसाहेबांचा चेहरा हळूहळू उतरला. तो सज्जन माणूस होता, हे आम्ही आधीच सांगितलं आहे.

"जब्बारशेठ," ते खाली बघत म्हणाले, "ही करमणूक आहे."

"साहेब, तिच्यावर कापड निघतं!"

"निघतं. पण घेतं कोण? घरातच झाकणं शिवता. बाजारात जात नाही ते उत्पादन नव्हे, तो छंद. आणि छंद कुठल्या रकान्यात जातो, हे मी तुम्हाला सांगायला नको. परवाना नाही, बादल्या नाहीत. मला सील करावं लागेल."

"माझ्या वडलांनी बसवली ती लूम करमणूक, आणि ही पोरांची खेळणी लूम?"

"मी बाहेरून वर्गीकरण करतो," तरेसाहेब म्हणाले. यावेळी मात्र त्यांनी चष्मा काढून पुसला.

सीलसाठी आठवड्याची मुदत मिळाली. कोणी काय करायचं ते केलं. सुफियानला पहिली तपासणी आठवली. त्याने एक जुना कीबोर्ड आणून लूमच्या चौकटीला सुतळीने बांधला. जब्बारशेठने तो बांधू दिला. पण कीबोर्डची कसोटी रद्द झालेली होती. केसरीनाथ शेवटी जिना बांधायला निघाला, तर गाळ्याचं छत इतकं ठेंगणं होतं की दुसऱ्या पायरीलाच डोकं आपटलं. उन्नतीने निम्मे डबे बंद ठेवून चांगलं सूत आणलं, जाडी विचारून आणलं. पण ते तीन वर्षं उशिरा आलं होतं. सुताने वर्गीकरण बदलत नाही. ती लूमशेजारी उभी राहून रडली, आणि आम्हाला सांगायला लाज वाटते, पण तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं तेव्हा डावीकडून एक पोरगा ओरडत होता, "दीदी, डबा हँग झाला!"

सील लावायच्या दिवशी गाळ्याबाहेर जत्रा लोटली. रिक्षावाले रिक्षा बाजूला लावून आले. पोरं आपापले आधुनिक यंत्रमाग सोडून उठली. काही माणसं तर बसस्टॉपवरून बस सोडून आली. शिपायाने लाख तापवली आणि मग खिसे चाचपू लागला. सीलखाली बांधायला कापडाची पट्टी लागते. ती तो विसरला होता.

"बाजारातून आणतो," तो म्हणाला.

"बाजारातून कशाला?" जब्बारशेठ म्हणाला. "साहेब, पट्टीपुरतं विणू द्या."

तरेसाहेबांनी मान हलवली. जब्बारशेठने नव्या सुताची कांडी धोट्यात घातली आणि बटण दाबलं. पोरं उठल्यामुळे दोन्ही बाजूंची यंत्रं बंद होती, त्यामुळे वीज पुरेपूर आली आणि लूम पूर्वीसारखी धडाडून चालली. सगळ्या गल्लीत खटखट भरली. लोक टाचा उंचावून बघू लागले. एक बाप आपल्या लहान मुलीला खांद्यावर घेऊन म्हणाला, "बघ, कशी गंमत!" ती टाळ्या वाजवू लागली.

हाताएवढं कापड झालं आणि जब्बारशेठने लूम थांबवली. शिपाई ते ओढून फाडायला गेला.

"वाकडं फाटेल. थांबा," जब्बारशेठ म्हणाला. "सुफियान, कात्री दे."

त्याने कापड सरळ कापलं, काठावरचे धागे काढले, घडी घातली आणि शिपायाच्या हातात दिली. लाख पडली. शिक्का बसला. लोकांनी थोडा वेळ वाट बघितली, आणखी काही होत नाही म्हटल्यावर पांगले.

पुढच्या शुक्रवारी सईदा ताट-चमचा घेऊन उशाशी येऊन बसली. जब्बारशेठ भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"राहू दे," तो म्हणाला. "त्याला पण परवाना लागेल."

तिने तरीही ताट वाजवलं. हळू वाजवलं, शेजाऱ्यांना ऐकू जाणार नाही इतकं. तो झोपला नाही आणि ती थांबली नाही.

गाळा आता जोरात चालतो. त्यावर 'उन्नती-सुफियान टेक्स्टाईल्स' अशी पाटी आहे. नवे डबे आले की पीसीत नवी कार्डं येतात, नवी कार्डं आली की नवे डबे येतात. मधल्या लूमवर एक झाकण घातलेलं आहे. ते तिचं स्वतःचंच कापड आहे.

तरेसाहेबांची व्याख्या मात्र अजून लागू आहे. ती रद्द झाल्याचं आमच्या ऐकिवात नाही. बघणाऱ्याच्या हाताला काम नाही, चेहऱ्यावर हसू आहे, आणि समोर जे चाललं आहे त्यातून त्याला काही विकत घ्यायचं नाही. वाचकहो, आपण इथवर आलात. हातात दुसरं काम नव्हतं. मध्ये दोन-चार ठिकाणी हसलात, बाल्कनीच्या जिन्याला तर नक्कीच. आणि शेवटी जब्बारशेठने कापड कापलं तेव्हा त्यातलं हातभरसुद्धा घ्यावं असं आपल्या मनात आलं नाही. तेव्हा वाळूच्या बादल्या भरून ठेवा. तरेसाहेब आले तर त्यांना चहा विचारू नका, ते थर्मास घेऊनच येतील. फक्त सीलखालची पट्टी आपल्याला बाजारातून आणावी लागेल, कारण ती विणून देणारा आपल्यासमोरच बंद झाला, आणि आपण उभे राहून बघत होतात.